इंडोमेथासिनच ‘फेल’ जातंय? आधी कंट्रोलचा पंजा बघा

प्राण्यांवर नवी दाहशामक औषधं तपासणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. कॅराजीनन टोचून रॅटचा पंजा सुजवला, एका गटाला आपलं नवं कंपाउंड दिलं, एका गटाला तुलनेसाठी इंडोमेथासिन हे आधीपासून माहीत असलेलं दाहशामक औषध (‘स्टँडर्ड’) दिलं, आणि इंडोमेथासिननेच दगा दिला. मागच्या खेपेला याच औषधाने सूज निम्म्याहून कमी केली होती, आज जेमतेम पाचवा हिस्सा. पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं तर तिसराच आकडा. मग सगळ्यांचा संशय औषधाच्या बाटलीवर जातो, नवी बाटली मागवली जाते, ती फोडली जाते, आणि पुन्हा तेच रडगाणं.

या टेस्टमध्ये मी बरीच वर्षं हात ओले केलेत, प्लेथिस्मोमीटरच्या (पंज्याचं आकारमान मोजायच्या यंत्राच्या) पाण्यात अक्षरशः. बाटली बहुतेक वेळा निर्दोष असते. बिघाड कंट्रोल गटात असतो आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण कंट्रोलला औषधच दिलेलं नसतं, मग त्यात बिघडणार काय? पण औषधाने सूज किती टक्के रोखली हा आकडा कंट्रोलच्या सुजेने भागूनच येतो. छेद डगमगला की वरचं सगळं डगमगतं.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत रॅट आणि माउस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण इथे तसं चालणार नाही. खाली जे लिहिलंय ते रॅटबद्दल. माउसच्या पंज्यात याच कॅराजीननची सूज वेगळ्या वेळापत्रकाने येते: पहिल्या दिवशी बेताची, आणि खरी मोठी सूज दोन-तीन दिवसांनी. रॅटसाठी लिहिलेली पद्धत माउसवर जशीच्या तशी वापरून चौथ्या तासाला ‘काहीच होत नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. त्यांची टेस्ट बिघडलेली नसते, घड्याळ चुकलेलं असतं.

सूज येतेय तरी किती?

ही पद्धत १९६२ साली विंटर, रिस्ले आणि नस या तिघांनी मांडली. मागच्या पायाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीनन टोचायचं, टोचण्याआधी आणि नंतर ठरावीक तासांनी पंज्याचं आकारमान मोजायचं. सूज एकदम येत नाही. पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच दाह उठवणाऱ्या रसायनांचं राज्य, मग ब्रॅडिकायनिन, आणि साधारण अडीच तासांपासून पुढे प्रोस्टाग्लँडिन. शिखर तिसऱ्या ते पाचव्या तासात. इंडोमेथासिन, डायक्लोफेनॅक ही मंडळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, म्हणजे त्यांचं काम दिसणार ते उत्तरार्धात. पहिल्या तासाचं रीडिंग घेऊन ‘स्टँडर्ड फेल’ असं लिहिणं म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पंगत उठवणं.

वेळ बरोबर असेल तर पुढची पायरी अशी: टक्के बाजूला ठेवा आणि कंट्रोल गटातल्या प्रत्येक रॅटची सूज मिलीलिटरमध्ये कागदावर मांडा. सरासरी नको, एकेक आकडा. यातून तीन चित्रं निघू शकतात. सगळ्यांची सूज कमी आहे. काहींची भरपूर आणि काहींची शून्याजवळ. किंवा सगळ्यांची व्यवस्थित आहे. तिन्हींची कारणं वेगळी, आणि ती एकमेकांत मिसळली की महिना वाया जातो.

सगळ्यांची सूज कमी असेल तर आधी कॅराजीननचं लेबल वाचा. कॅराजीनन लाल समुद्री शेवाळातून काढतात आणि त्याचे मुख्य प्रकार तीन: कॅपा, आयोटा आणि लॅम्डा. कॅपा घट्ट जेल बनवतं, आयोटा मऊ, लॅम्डा बनवतच नाही. या टेस्टला लॅम्डा लागतं. गंमत अशी की एकाच जातीच्या शेवाळाच्या जीवनचक्रातल्या वेगवेगळ्या अवस्थांमधून वेगवेगळे प्रकार निघतात, त्यामुळे लेबलवर नुसतं ‘कॅराजीनन’ असेल तर आत काय मिश्रण आहे याचा भरवसा नाही. शिवाय हा निसर्गातून आलेला माल, प्रत्येक लॉटच्या रेणूंची लांबी थोडी वेगळी. पूर्ण अभ्यासाला पुरेल इतकं एकाच लॉटचं घेऊन ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो अभ्यास सुरू होण्याआधी कुणालाही सुचत नाही.

मग द्रावण. कोमट सलाइन ढवळत ठेवायचं आणि पावडर वरून चिमटी-चिमटीने भुरभुरायची. घाई करून सगळी पावडर एकदम ओतली की गुठळ्या होतात: बाहेरून भिजलेल्या, आत कोरड्या. वरून द्रावण एकजीव दिसतं, पण त्यात खरं कॅराजीनन एक टक्क्याहून कमी असतं आणि एखादी गुठळी सुईत अडकली तर त्या रॅटला मिळतं नुसतं सलाइन. रात्रभर फ्रिजमध्ये फुगायला ठेवा, सकाळी खोलीच्या तापमानाला आणा, उजेडासमोर धरून बघा. आठवडाभर जुनं द्रावण वापरू नका. त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांचं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) स्वतःच दाह उठवतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की कॅराजीननच्या साखळ्या तुटतात, म्हणून ‘विरघळत नाही’ म्हणून जोरात उकळणंही नको.

काहींची भरपूर, काहींची शून्य असेल तर दोष बहुधा हातात असतो. तळव्यात ०.१ मिली म्हणजे दिसायला थेंबभर, पण त्या जागेच्या मानाने खूप. सुई आडवी सरकवून, टोचल्याच्या भोकापासून थोडं पुढे जाऊन द्रव सोडला पाहिजे. सोडल्यावर लगेच सुई ओढली की त्याच वाटेने द्रव बाहेर येतो. आठ-दहा सेकंद तशीच ठेवा, मग हळू काढा आणि बोटाने क्षणभर दाबा. टोचताक्षणी त्वचेखाली छोटा फुगवटा दिसला पाहिजे. तो दिसला नाही किंवा काढताना ओलावा दिसला, तर त्या रॅटच्या नावापुढे तेव्हाच खूण करा. संध्याकाळी आकडे बघून ‘याचं इंजेक्शन गळलं असेल’ असं आठवायला लागलात तर ते आठवणं नाही, ती निवड आहे.

दोन मिलिमीटरची रेघ

मोजमापाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गळती इथेच आहे आणि कुणाला ती शरमेची गोष्ट वाटत नाही.

प्लेथिस्मोमीटर म्हणजे पाण्याचं नळकांडं. पंजा ठरलेल्या खुणेपर्यंत बुडवायचा, जितकं पाणी सरकलं तितकं पंज्याचं आकारमान. जुन्या काळी पारा वापरत, आता पाण्यात पृष्ठताण कमी करणारा थेंबभर द्राव टाकतात. खूण घोट्याच्या बाहेरच्या हाडापाशी पेनने काढतात. ती रेघ दुपारपर्यंत पुसट होते, मग कुणीतरी अंदाजाने पुन्हा काढतं.

आता हिशोब करू. घोट्यापाशी पायाचा व्यास ७ मिमी धरा. म्हणजे काप साधारण ०.३८ चौरस सेंटिमीटर. खूण २ मिमी वर सरकली तर आकारमानात ०.०८ मिलीच्या आसपास भर पडली. कंट्रोलची सूज ०.५ मिली असेल तर ही चूक सहाव्या भागाएवढी झाली. कंट्रोल नीट सुजलेलाच नसेल, समजा सूज ०.२० मिली, आणि औषधाच्या गटात ०.१२, तर कागदावर ‘४० टक्के रोध’ येतो. तो अख्खा ४० टक्के म्हणजे पेनच्या एका रेघेचा फरक!

म्हणून माझा नियम: कंट्रोलची सरासरी सूज आपल्याच जुन्या नोंदींच्या पट्ट्यात येत नसेल, तर त्या दिवसाचे टक्के काढायचेच नाहीत. स्टँडर्डचेही नाहीत, नव्या कंपाउंडचे तर नाहीच. तो दिवस ‘टेस्ट चालली नाही’ म्हणून नोंदवायचा. यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेकडे स्वतःचा पट्टा हवा. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उसना घेऊन चालत नाही, कारण त्यांचा रॅट, त्यांचं कॅराजीनन आणि त्यांचा हात वेगळा.

बाकी किरकोळ गोष्टी: खूण न जाणाऱ्या शाईची, आणि दिवसभर तीच. मोजणारी व्यक्ती एकच. प्रत्येक वेळी तीन रीडिंग. ओल्या पंज्याबरोबर दर वेळी थोडं पाणी बाहेर जातं, म्हणून पातळी पुन्हा शून्यावर आणून मगच पुढचा रॅट. आणि मोजणाऱ्याला गट माहीत नको. हे शेवटचं सगळे ऐकतात आणि फार थोडे पाळतात, कारण पिंजऱ्यावर गटाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पिंजऱ्यावर फक्त क्रमांक लिहा, चावी दुसऱ्याच्या वहीत.

आठवडा बदलला की आकडा बदलतो

कॅराजीनन नीट, हात नीट, रेघ नीट, तरी मंगळवारचे आणि शुक्रवारचे आकडे जुळत नाहीत? मग रॅटच्या अंगातल्या स्टेरॉइडकडे वळा.

घाबरलेल्या रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन सुटतं, आणि ते स्वतःच दाहशामक आहे. म्हणजे ज्या कंट्रोलला आपण ‘काहीच दिलेलं नाही’ असं समजतो, त्याने भीतीपोटी स्वतःचा डोस स्वतःच घेतलेला असतो. कंट्रोलची सूज दबते, औषधाचा फरक दिसेनासा होतो आणि इंडोमेथासिन नापास. कालच आणलेले रॅट, नव्याने शिकणारा हात, शेजारच्या खोलीत चालू असलेलं ड्रिलिंग, दोन रॅट एकमेकांसमोर टोचणं, यातलं काहीही पुरतं.

माणसाचा वाससुद्धा. २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासाने रॅट आणि माउसमध्ये ताण वाढतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते. पुरुषाने रात्री घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी तेच. हे वेदनेबद्दलचं काम आहे, सुजेबद्दलचं नाही, म्हणून ते ताणून सांगत नाही. पण ‘सुट्टीवरून परत आल्यावर आकडे बदलले’ ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, त्या दिवशी खोलीत कोण होतं?

उपाय कंटाळवाणा आहे. आणल्यावर किमान आठवडाभर नव्या जागेची सवय. शेवटचे तीन-चार दिवस रोज हातात घेणं, पंजा पाण्यात बुडवण्याची रंगीत तालीम, तोंडाने नळी घालायची असेल तर तिचीही. प्रयोगाच्या दिवशी जी माणसं असतील तीच तालमीला. भूल द्यायची ठरवली तर सगळ्या गटांना, सारख्याच वेळेसाठी. काही भुलीच्या औषधांचाही दाहावर परिणाम होतो.

घड्याळही बघा. रॅट निशाचर, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी दिवे मालवण्याच्या सुमाराला चढतं. आता नेहमीचा क्रम आठवा: सकाळी नऊला कंट्रोल, मग स्टँडर्ड, मग कमी डोस, जास्त डोसवाल्यांची पाळी दुपारी. नोंदवहीत छान रांग दिसते. पण या रांगेत ‘डोस वाढला तशी सूज घटली’ आणि ‘दिवस कलला तशी सूज घटली’ यांत फरक करायची सोयच उरत नाही. त्यावर मार्ग म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक गटातला एकेक रॅट. पहिल्या फेरीत पाच गटांतले पाच, मग दुसरी फेरी. पिंजरेही मिश्र, एका पिंजऱ्यात एकाच गटाचे सगळे नकोत. चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘हाताला लागेल तो रॅट’ म्हणजे चिठ्ठी नव्हे, कारण हाताला आधी लागतो तो मंद आणि सुस्त.

स्टँडर्ड पोटात पोचलं का?

कंट्रोल ठणठणीत, सूज पट्ट्यात, तरी इंडोमेथासिन पडलं, तर आता बाटलीच्या दिशेने जायला हरकत नाही. पण बाटलीच्या आधी बीकर येतो.

इंडोमेथासिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ०.५ टक्के सीएमसीमध्ये (पाणी दाट करणाऱ्या सेल्युलोजच्या द्रावणात) खल करून त्याचं सस्पेन्शन बनवतात आणि टोचण्याच्या तासभर आधी तोंडाने देतात, नेहमीचा डोस १० मिग्रॅ प्रति किलो. सस्पेन्शन स्थिर ठेवलं की कण खाली बसतात. एकदा आमच्याकडे स्टँडर्डच्या गटात अर्ध्या रॅटना भरपूर फरक आणि अर्ध्यांना काहीच नाही असं आलं. सरासरी मध्यम, विचलन प्रचंड. वजन तपासलं, बाटलीची तारीख तपासली, काही सापडेना. मग एका सहकारी बाईंनी आकडे रॅटच्या क्रमांकाने न लावता डोस दिल्याच्या क्रमाने लावले. पहिल्या दोघांना ठीक, मधल्यांना जवळपास शून्य, शेवटच्या दोघांना सगळ्यांत जास्त. बीकर टेबलावर उभा होता. वरचं पाणचट औषध मधल्यांना गेलं आणि तळाचा गाळ शेवटच्यांना. तेव्हापासून दर रॅटआधी बीकर ढवळायचा, सिरिंज भरल्या भरल्या द्यायची, आणि वहीत ‘डोसचा क्रम’ असा एक रकाना कायमचा.

पोट रिकामं होतं का हेही बघा. रात्रभर उपाशी ठेवायचे असतील तर सगळ्यांना सारखे तास, पाणी मात्र चालू. १९६२ च्या मूळ पद्धतीत सगळ्या प्राण्यांच्या पोटात सारखंच पाणी जाईल याची काळजी घेतली होती, कारण अंगात पाणी कमी-जास्त असलं की सूजही कमी-जास्त येते. म्हणून कंट्रोललाही औषधाइतकंच व्हेइकल (औषध ज्यात मिसळलंय तो नुसता द्रव) द्यायचं, त्याच नळीने, त्याच वेळी.

आणि व्हेइकल निष्पाप आहे असं धरू नका. कंपाउंड विरघळवायला वापरतात त्या डीएमएसओ या द्रावकाला स्वतःचा दाहशामक गुण आहे. कंपाउंड विरघळत नाही म्हणून त्याचं प्रमाण वाढवत नेलं की कंट्रोलही ‘औषधावर’ जातो. शंका असेल तर एकदाच, छोट्या चाचणीत, नुसत्या सलाइनचा गट शेजारी ठेवून बघा.

स्टँडर्डची निवड हा वेगळाच घोळ. आपलं कंपाउंड स्टेरॉइडसारखं वागेल अशी अपेक्षा असेल तर तुलनेला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घ्या, आणि त्याला वेळ द्या. स्टेरॉइडचा बराचसा परिणाम जनुकांमार्फत होतो, लगेच दिसत नाही.

कंपाउंड फारच भारी निघालं तर

ही तक्रार घेऊन कुणी येत नाही, पण यायला हवं. कंपाउंड पोटाच्या पोकळीत टोचलं तर सूज जवळपास गायब, तोंडाने दिलं तर शून्य परिणाम. पहिलं स्पष्टीकरण सगळे देतात ते ‘शोषण होत नाही’. असेलही. पण आधी रॅटकडे बघा. टोचल्यावर तो पोट ताणतोय, अंग वळवतोय, कोपऱ्यात गठुळं होऊन बसलाय? मग कंपाउंडने पोटाच्या आतल्या आवरणाला डिवचलंय. दुसरीकडे पेटवलेला असा दाह पंज्यातली सूज दाबतो, आणि आपण त्याला औषधाचं श्रेय देतो. वनस्पतींचे कच्चे अर्क, विशेषतः टॅनिनने भरलेले, या बाबतीत सराईत आहेत. दाहशामक म्हणून नावाजलेल्या कितीतरी अर्कांची कीर्ती इतकीच असावी असा माझा संशय आहे.

रक्तदाब पाडणारं, रक्तवाहिन्या आवळणारं किंवा रॅटला नुसतं आजारी पाडणारं कंपाउंडही सूज कमी करतं, कारण पंज्यात रक्तच कमी पोचतं. पंजा हाताला गार लागतोय का, रॅट हाक मारल्यासारखा आवाज केला तर वळतो का, शरीराचं तापमान किती, हे दोन मिनिटांत कळतं. सर्वाधिक डोस हा विषारी डोसच्या अगदी खाली असेल तर त्या गटाचा आकडा कौतुकाने छापू नये. खात्रीसाठी दुसऱ्या मार्गाने द्या, आणि पंज्यातल्या ऊतीत प्रोस्टाग्लँडिन किंवा न्यूट्रोफिल या दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची निशाणी असलेलं मायलोपेरॉक्सिडेज मोजा. सूज कमी आणि ही दोन्ही तशीच असतील, तर औषध दाहावर चाललेलं नाही, आणखी कशावर तरी चाललंय.

‘सहा रॅट’ कुठून आले?

गटात सहा, कारण आधीच्या थिसिसमध्ये सहा होते. त्या थिसिसमध्ये सहा, कारण त्याच्या आधीच्यात सहा.

ढोबळ हिशोब सोपा आहे. आपल्या जुन्या कंट्रोलच्या सुजेचं प्रमाण विचलन घ्या, जो फरक पकडायचाय त्याने भागा, वर्ग करा, सोळाने गुणा. दोन गटांच्या तुलनेसाठी, ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून, दर गटात लागणारे प्राणी साधारण तितके. विचलन ०.१२ मिली आणि फरक ०.१५ मिली असेल तर उत्तर येतं १०.२, म्हणजे अकरा रॅट. सहा घेतले तर खरं चांगलं औषधही अनेकदा ‘नापास’ होणार, आणि पुन्हा पुन्हा करत राहिलं की एकदा पास, एकदा नापास. सुरुवातीला सांगितलेली तक्रार नेमकी हीच.

आता हात सुधारून विचलन ०.०८ वर आणलं तर तोच हिशोब ४.६ देतो, म्हणजे पाच-सहा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांचा वापर टाळा, कमी करा, त्रास हलका करा ही त्रिसूत्री मांडली; त्यातलं ‘कमी करा’ हे असं पेनच्या रेघेतून आणि सुईच्या दहा सेकंदांतून घडतं. आणि दोन्ही पंजे सुजवून एका रॅटचे दोन रॅट करू नका. प्राणी एकच असतो, त्याचा त्रास मात्र दुप्पट होतो.

सांध्यांचा दाह उठतच नाही

दीर्घ मुदतीच्या मॉडेलमध्ये तक्रार वेगळी असते: ॲडज्युव्हंट (प्रतिकारशक्ती चेतवणारं मिश्रण) टोचून तीन आठवडे झाले, सांधे जसेच्या तसे. इथे आधी जात बघा. ल्युइस जातीचा रॅट सांधेदाहाला पटकन बळी पडतो, फिशर ३४४ दाद देत नाही. १९८९ मध्ये दाखवलं गेलेलं कारण पुन्हा तेच अधिवृक्क प्रकरण: फिशरचं शरीर दाह उठताच भरपूर कॉर्टिकोस्टेरॉन सोडतं, ल्युइसचं सोडत नाही.

डीबीए/१ जातीच्या माउसमध्ये कोलॅजेनने सांधेदाह उठवत असाल तर दुसरा संशयित इमल्शन, म्हणजे तेलात फेटलेलं कोलॅजेन. एक थेंब गार पाण्यावर टाका. गोळी तशीच राहिली तर इमल्शन तयार, पसरली तर अजून फेटा. एवढीशी तपासणी न करता दीड महिना वाट बघणारे पुष्कळ.

टेस्ट चालली, आता पुढे?

टेस्ट एकदाची रुळावर आली की उलटा मोह सुरू होतो: कॅराजीननमध्ये पास, म्हणजे सांधेदुखीवर औषध मिळालं. ही टेस्ट ज्या काळात घडली त्याच काळात, त्याच मंडळींच्या हातून इंडोमेथासिन पुढे आलं. प्रोस्टाग्लँडिन थांबवणारी औषधं ती सुरेख पकडते, आणि तीही जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिन नेमकं हेच करतं हे दाखवायच्या कितीतरी आधीपासून. पण ती पकडते ते बहुतांशी आपल्याला आधीच माहीत असलेल्या औषधांची भावंडं. त्यांचे दोष ती सांगत नाही. रोफेकॉक्सिब हे त्याच कुळातलं वेदनाशामक १९९९ मध्ये आलं, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. सुजलेला पंजा त्याबद्दल काही बोलू शकत नव्हता.

प्रश्नाला जोडलेलं मॉडेल निवडलं तर चित्र बदलतं. टीएनएफ या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या प्रतिपिंडाने कोलॅजेन सांधेदाह झालेले माउस सुधारतात हे १९९२ मध्ये छापून आलं, त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णांना तसं औषध दिलं गेलं आणि त्यातून उपचाराची नवी शाखाच उभी राहिली. उलट पी३८ (पेशीत दाहाचा संदेश पुढे नेणारं एन्झाइम) रोधकांची रांग प्राण्यांतल्या सांधेदाहात चमकली आणि माणसांत तुटपुंज्या, अल्पजीवी परिणामावर व यकृताच्या तक्रारींवर अडकली. म्हणून माणसाच्या रक्तावर किंवा पेशींवर होणारी तपासणी आधी करा, रॅटची पाळी नंतर. तिथेच पडणाऱ्या कंपाउंडसाठी पंजा सुजवायची गरज नाही.

आणि आज जर इंडोमेथासिन फेल गेलेलं असेल, तर उद्या लगेच पूर्ण प्रयोग पुन्हा लावू नका. नवं कंपाउंड कपाटात ठेवा. तीन कंट्रोल, तीन स्टँडर्ड, बस. एक जण टोचेल, दुसरा गट न कळता मोजेल, टोचण्याआधी आणि मग पाचव्या तासापर्यंत दर तासाला. वहीत रकाने असे: रॅटचा क्रमांक, वजन, डोसचा क्रम आणि वेळ, टोचण्याची वेळ, फुगवटा दिसला का, गळती दिसली का, तिन्ही रीडिंग, खोलीत कोण होतं. कंट्रोलची सूज तुमच्या पट्ट्यात आली आणि इंडोमेथासिनचा फरक तिसऱ्या तासाला स्पष्ट दिसला तर पूर्ण प्रयोगाला तारीख द्या. नाही दिसला तर वहीतला डोसचा क्रम आणि गळतीचा रकाना आधी वाचा, नवी बाटली त्यानंतर मागवा.